‘ल्युटके डाल्ड्रुप’ हे जर्मन आडनाव मूळचे कुठले, ते लावणारी माणसे कुठे आढळतात आणि हे घराणे उमरावांपैकी असते का?

आपल्या कन्येचे लग्न या आडनावाच्या घरात ठरले आहे आणि त्यातला ‘ल्युटके’ हा शब्द मधले नाव समजावा की आडनावाचाच भाग, हेही आपण विचारले आहे. मी स्वतः जर्मनीच्या वायव्येकडील व्हेस्टफालिया प्रदेशातल्या अशाच दोन शब्दी आडनावाच्या घरात सून म्हणून आले. या प्रकारच्या नावांवरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

‘ल्युटके’ हा आडनावाचाच भाग आहे. दोन्ही शब्द मिळून एक आडनाव होते आणि ते मुलांकडे जसेच्या तसे जाते. या नावाची सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे बर्लिनच्या नव्या विमानतळाचे काम २०१७ पासून हाती घेऊन ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तो सुरू करून दाखवणारे नगररचनाकार एंगेलबर्ट ल्युटके डाल्ड्रुप. त्यांचा जन्म किर्शहेलेनचा. हे गाव आज बोट्रोप शहरात मोडते आणि म्युन्स्टरलांड या सपाट शेतीप्रदेशाच्या दक्षिण कडेला आहे. ऑनलाइन दुकानांसाठीच्या शॉपिफाय कंपनीचे सहसंस्थापक टोबियास ल्युटके यांच्याशी मात्र या नावाचा संबंध जोडू नये. एकटे ‘ल्युटके’ हे आडनाव पुष्कळदा लुडोल्फसारख्या व्यक्तिनामाच्या लाडक्या रूपावरून आलेले असते. आडनावांचे अर्थ सांगणारी बरीच संकेतस्थळे ही दोन नावे एकाच ओळीत बसवतात, आणि तिथूनच पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

आता मूळ. म्युन्स्टरच्या नैऋत्येला सुमारे ३० किलोमीटरवर ड्युल्मेन नावाचे गाव आहे आणि त्याच्या हद्दीत डाल्ड्रुप नावाचा विखुरलेल्या वस्त्यांचा भाग आहे. वस्ती म्हणजे इथे एका कुटुंबाचे घर, गोठा आणि जमीन. नावाच्या शेवटचे ‘ड्रुप’ म्हणजे गाव या अर्थाचा ‘डोर्प’ हा उत्तर जर्मन बोलीतला शब्द, ज्यातला ‘र’ बोलण्याच्या ओघात पुढे सरकला आहे. बोट्रोप, कास्ट्रोप, वालट्रोप ही नावे त्याच जातीची. ‘ल्युटके’ म्हणजे धाकटा आणि त्याचा जोडीदार ‘ग्रोसे’ म्हणजे थोरला. एका जुन्या वस्तीची कधीकाळी वाटणी झाली, मोठा हिस्सा ‘ग्रोसे’ आणि लहान हिस्सा ‘ल्युटके’ म्हणून ओळखला जाऊ लागला. देवासच्या पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच उमगेल. फरक इतकाच की इथे थोरलेपण किंवा धाकटेपण माणसाला चिकटलेले नसून जमिनीला चिकटलेले आहे. अशा वाटण्या जुन्या काळातल्याच आहेत. पुढे या प्रदेशात वस्ती अखंड ठेवून एकाच वारसाला देण्याची रीत पक्की झाली. बाकीची भावंडे थोडीफार रक्कम घेऊन बाहेर पडत, दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट बांधून राहत, हंगामी मजुरीसाठी हॉलंडला जात आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेची वाट धरत.

म्युन्स्टरलांडमध्ये आडनाव वस्तीचे असे. जो त्या वस्तीवर राहून ती कसे, तो ते नाव लावी. वारस मुलगी असेल तर तिच्याशी लग्न करून वस्तीवर राहायला येणारा पुरुष आपले जन्माचे आडनाव खाली ठेवून वस्तीचे नाव घेई. चर्चच्या नोंदवह्यांत अशा माणसाच्या नावापुढे ‘गेनान्ट’ हा शब्द दिसतो, म्हणजे आपले ‘ऊर्फ’. आपल्याकडचा ‘कर’ लावणारा माणूस गाव सोडून मुंबईला गेला तरी मूळ गावाचे नाव बरोबर नेतो. इथला माणूस एक वस्ती सोडून दुसरीवर गेला की त्याचे नावच बदलत असे, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. हे सरकारला फारसे मानवणारे नव्हते. नेपोलियनच्या काळातल्या नोंदणीने नावे गोठायला सुरुवात झाली, आणि १५ एप्रिल १८२२ च्या प्रशियाच्या राजाज्ञेने परवानगीवाचून आडनाव बदलण्यास मनाई केली. तरीही खेड्यांत ही रीत आणखी बराच काळ चालू राहिली. १ ऑक्टोबर १८७४ पासून प्रशियात नागरी नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा जे नाव वहीत चढले तेच पुढच्या पिढ्यांचे झाले.

उमरावपणाच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. ही नावे शेतकऱ्यांची आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य शेतकरी जमिनीला बांधलेली कुळे होती. जमिनीचा धनी कुठे बिशप असे, कुठे कॅथेड्रलची मंडळी, कुठे मठ, तर कुठे स्थानिक सरदार. नवा मालक किंवा नवी सून वस्तीवर येताना धन्याला नजराणा द्यावा लागे, आणि माणूस मेला की त्याच्या मागे उरलेल्या चीजवस्तूंतला वाटा धनी घेई. १७७० साली म्युन्स्टरच्या बिशपच्या राज्याने हे सगळे नियम एका संहितेत बांधले, आणि १२ डिसेंबर १८०८ च्या नेपोलियनच्या फर्मानाने ही बांधिलकी कायद्याने संपवली. नावात ‘फॉन’ किंवा ‘त्सू’ असले तरी त्यावरून उमरावपण सिद्ध होत नाही. लिपे आणि राव्हेन्सबेर्ग भागात ‘मायर त्सू अमुक’ नावाचे शेतकरी कितीतरी आहेत. शिवाय १९१९ च्या राज्यघटनेने उमरावांचे विशेषाधिकारच रद्द केले आणि पदव्या केवळ नावाचा भाग म्हणून उरल्या. कुळांचे वंशज असण्यात मला तरी अभिमानाचीच गोष्ट दिसते. आमच्या थोरल्या दिरांना ती दिसत नाही.

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला दीर एक चौकट घेऊन आले. त्यात ढाल, शिरस्त्राण आणि सोनेरी पाने असलेले ‘आपल्या घराण्याचे’ मानचिन्ह होते. आडनाव कळवून पैसे भरले की असे चित्र आणि त्यासोबत प्रमाणपत्र पाठवणाऱ्या एका व्यावसायिकाकडून त्यांनी ते मागवले होते. पाहुण्यांसमोर त्यांनी सांगितले की पंधराव्या शतकापासून बापाकडून मुलाकडे, एका रक्ताने, हे नाव अखंड चालत आले आहे. मी तेव्हा सासऱ्यांच्याच सांगण्यावरून आमच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचत होते. पुण्यात असताना मी मोडी शिकले होते, त्यामुळे कुरेन्ट या जुन्या जर्मन वळणाची मला भीती वाटली नाही. जोडलेली अक्षरे सोडवायची, पाद्र्याच्या हाताची सवय ओळखायची आणि नाव कळले नाही तर साक्षीदारांच्या नावांवरून अंदाज बांधायचा, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

वहीत जे होते ते मी त्या दिवशी सांगितले. अठराव्या शतकाच्या मध्यावर वस्तीची वारस एक मुलगी होती. शेजारच्या पॅरिशमधला, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतला, एक पुरुष तिच्याशी लग्न करून आला. लग्नाच्या नोंदीत त्याचे जन्माचे आडनाव, मग ‘गेनान्ट’ आणि मग वस्तीचे नाव आहे, पण पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापर्यंत जन्माचे आडनाव नाहीसे झालेले आहे. ती मुलगी बाळंतपणात गेली. घर आणि गोठा सांभाळायला बाईमाणूस हवे म्हणून त्याने लवकरच दुसरे लग्न केले. पहिलीचा मुलगा लहानपणीच वारला आणि वस्ती दुसरीच्या मुलीकडे आली. तिचा नवराही बाहेरून आला, त्यानेही वस्तीचे नाव घेतले. म्हणजे आज जे घराणे हे नाव लावते त्याच्यात जुन्या लोकांच्या रक्ताचा थेंबही नाही. तरी नाव, जमीन आणि चुलीवरचा कोरीव दगड यांत कधी खंड पडला नाही. असे प्रसंग त्या काळी इतके नेहमीचे होते की त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम होते. वारस लहान असेल तर सावत्र बापाने ठरावीक वर्षे वस्ती चालवावी आणि मग बाजूला व्हावे, अशा मुदतीला इथे ‘मालयारे’ म्हणतात.

दीर म्हणाले, “बाहेरून आलेल्या माणसाने आमच्या नावाविषयी बोलू नये.”

हे वाक्य मला आजही खुपते, आणि आपला प्रश्न वाचल्यावर मी उत्तर लिहायला बसले ते त्याचमुळे. ज्या नावासाठी ते भांडत होते ते बाहेरून आलेल्या माणसांनीच दोनदा वाचवले आहे, आणि ते माझ्याकडे ज्या वाटेने आले त्याच वाटेने त्यांच्या पूर्वजाकडेही आले होते. सासरे त्या वादात काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला घरातल्या वंशवृक्षावर त्या दोन्ही वारस मुलींची नावे लिहायला सांगितली. तोवर त्या झाडावर केवळ पुरुष होते. आपल्या कन्येला कोणी सांगितले की तू केवळ लग्नामुळे हे नाव लावतेस, तर तिने निःशंक सांगावे की या नावाची रीतच तशी आहे.

मानचिन्हाबाबत माझे मत स्पष्ट आहे: विकत घेऊ नये. मानचिन्ह आडनावाला नसते. ते एखाद्या विशिष्ट कुटुंबाने घेतलेले आणि त्याच्या वंशजांचे असते. शेतकऱ्यांच्या वस्त्यांना साध्या रेघांच्या घरखुणा असत, त्या अवजारांवर आणि तुळयांवर कोरत. होणाऱ्या व्याह्यांच्या घरी अशी खूण कुठे सापडली तर तिचा फोटो जरूर काढावा. तिला कोणत्याही सोनेरी ढालीपेक्षा अधिक किंमत आहे.

आडनाव विरळ का, याचे कारण आतापर्यंत लक्षात आले असेल. म्युलर म्हणजे पीठगिरणीवाला, आणि तो गावोगाव होता, म्हणून ते जर्मनीतले सर्वांत मोठे आडनाव झाले. वस्ती मात्र एकच असते. त्या एका उंबऱ्यातून जितकी माणसे नाव घेऊन बाहेर पडली तितकीच ते लावतात, आणि नाव कायद्याने गोठेपर्यंत बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांनी ते सोडूनही दिले. जर्मनीत आठ लाखांहून अधिक वेगवेगळी आडनावे आहेत, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाची कथा अशीच अगदी थोड्या घरांची आहे. ‘ल्युटके’, ‘ग्रोसे’ किंवा ‘शुल्त्से’ (म्हणजे गावचा मुखिया) पुढे असलेली दोन शब्दी नावे मुख्यतः कोसफेल्ड, बोर्केन, स्टाइनफुर्ट आणि व्हारेनडोर्फ या जिल्ह्यांत व म्युन्स्टर शहरात दाट आहेत. तिथून ती दक्षिणेकडे रूर खोऱ्यातल्या शहरांत उतरलेली दिसतात, कारण कोळसा आणि पोलाद यांच्या भरभराटीत शेतावरची धाकटी मुले तिकडे गेली.

नकाशे पाहायचे असतील तर त्यांची मर्यादाही जाणून घ्यावी. माइन्त्सच्या अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोश आणि आडनावांचा मोठा नकाशासंग्रह हे २००५ च्या घरगुती दूरध्वनींच्या यादीवर आधारलेले आहेत. त्यात सुमारे २ कोटी ८० लाख जोडण्या होत्या, आणि एका जोडणीमागे अडीच ते तीन माणसे धरून लोकसंख्येचा अंदाज बांधतात. विरळ नावाच्या बाबतीत हा अंदाज डळमळीत असतो. त्यातच कोणी दोन शब्दांमध्ये आडवी रेघ देतो, कोणी देत नाही, आणि काही यंत्रे ‘ल्युटके’ला नाव समजून केवळ ‘डाल्ड्रुप’ मोजतात. जुनी वाटणी पाहण्यासाठी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हताहतांच्या याद्या मला अधिक विश्वसनीय वाटतात. त्या संगणकावर शोधता येतात आणि सैनिकाचे गावही बहुधा दिलेले असते. त्याच्याही मागे जायचे असेल तर म्युन्स्टरच्या बिशपने १४९८ आणि १४९९ मध्ये घेतलेल्या कराच्या याद्या छापील रूपात उपलब्ध आहेत, आणि त्यांत वस्त्यांची नावे पॅरिशवार येतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डाल्ड्रुप हे नाव जुळले म्हणून हेच कुटुंब ड्युल्मेनजवळच्या वस्तीवरचे, असे मी म्हणणार नाही. ते चर्चच्या वहीवरूनच ठरते. म्युन्स्टर धर्मप्रांताच्या पुष्कळ वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. नागरी नोंदी मात्र सर्वांना लगेच खुल्या होत नाहीत: जन्माच्या ११० वर्षांनी, लग्नाच्या ८० वर्षांनी आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी.

कागदपत्रांचे तेवढे नीट करावे. कन्येने हे आडनाव घेतले तर पासपोर्टच्या अर्जात आडनावाच्या रकान्यात दोन्ही शब्द लिहावेत आणि ‘ल्युटके’ वडिलांच्या नावासारखे मधल्या जागी जाऊ देऊ नये. ‘यू’वरचे दोन ठिपके भारतीय कागदपत्रांत आणि विमानाच्या तिकिटावर येत नाहीत. तिथे ‘यू’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरे लिहितात, तेच रूप सगळीकडे कायम ठेवावे. तिला आपलेच आडनाव ठेवायचे असेल तर जर्मन कायद्याला त्याची हरकत नाही, आणि १ मे २०२५ पासून पतिपत्नींना दोघांची नावे जोडण्याचाही पर्याय मिळाला आहे.

होणाऱ्या व्याह्यांना त्यांच्या आजोबा-पणजोबांचे पॅरिश कोणते होते एवढे विचारून घ्या आणि इथेच कळवा. त्या पॅरिशच्या वह्या खुल्या असतील तर नोंदी मी वाचून देईन.