टेट्रालॉजीचं ऑपरेशन झालं, मुलगा पळतोय, मग दरवर्षी इको कशाला?

ताई, तुमच्या मुलाचं टेट्रालॉजी ऑफ फॅलोचं (हृदयाचा जन्मजात दोष: कप्प्यांमध्ये भोक आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद) ऑपरेशन अकराव्या महिन्यात झालं, आता तो सहा वर्षांचा आहे, सोसायटीत सायकल दामटतो. सासूबाई म्हणतात, दुरुस्त झालंय ना, मग दरवर्षी ठाण्याहून खारघरला इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, कशाला जायचं? आम्ही नेरूळचे. माझ्या मुलीचंही हेच ऑपरेशन झालंय, आता ती कॉलेजात आहे.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. ही मुलं जगतात, शिकतात, संसार करतात. हे ऑपरेशन अगदी नवं होतं तेव्हा, 1955 ते 1960 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ज्यांच्यावर ते झालं त्यांचा अभ्यास 1993 साली छापून आला. पहिला महिना पार केलेल्यांमध्ये 32 वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण 86 टक्के होतं. आजचं तंत्र त्याच्या कितीतरी पुढे आहे.

उरलेलं निम्मं मात्र महत्त्वाचं. भोक बुजवून काम संपत नाही. फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करताना बऱ्याच मुलांमध्ये पल्मनरी व्हॉल्व्हच्या (त्या वाटेवरच्या झडपेच्या) जागी छेद देऊन पॅच लावावा लागतो. वाट रुंद होते, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त उलटं हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात येतं. तो कप्पा वर्षानुवर्षं निमूट सोसतो आणि हळूहळू फुगतो, इतका सावकाश की मुलाला स्वतःलाही जाणवत नाही. दम लागायला लागेपर्यंत थांबलं, तर नवा व्हॉल्व्ह बसवूनही कप्पा पूर्ववत होईलच असं नाही. म्हणून व्हॉल्व्ह कधी बदलायचा हे नुसत्या त्रासावर नाही, मापांवरही ठरतं. सायकल दामटणं हा कप्पा ठीक असल्याचा पुरावा नव्हे.

उजव्या कप्प्याचा आकार वेडावाकडा असल्याने इकोत तो पुरता सापडत नाही. मूल भूल न देता स्थिर पडून राहण्याइतकं मोठं झालं की कार्डियाक एमआरआय सांगतात, घाबरू नका. ईसीजीही टाळू नका. त्यातली क्यूआरएसची (खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणाऱ्या लाटेची) रुंदी 180 मिलिसेकंदांच्या वर गेली की ठोके बिघडण्याचा धोका वाढलेला असतो. आणि व्हॉल्व्ह बदलायची वेळ आलीच, तर दरवेळी छाती उघडावी लागते असंही नाही. 2000 सालापासून काही जणांना तो मांडीच्या शिरेतून बसवता येतो.

आता एक काम लगेच करा. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनची एखादीच ओळ असते. हॉस्पिटलकडून पूर्ण ऑपरेशन नोट मागून घ्या. पॅच कुठवर लावला ते त्यात असतं, आणि पंधरा वर्षांनी नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतो. दातांच्या डॉक्टरांनाही हृदयाचं ऑपरेशन झालंय हे आधी सांगायचं. किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचू शकतात. अँटिबायोटिक लागेल की नाही ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतील, मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका.

शाळेतल्या पीटीचं म्हणाल तर स्वतःच बंद करू नका, लेखी परवानगी मागा. आमच्या डॉक्टरांनी पोहायला हरकत घेतली नाही. (आजी मात्र काठावर टॉवेल घेऊन उभी असायची.)

खर्चाची अडचण असेल तर खारघरच्या श्री सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयाचे उपचार मोफत होतात, चौकशी करा. आणि पुढच्या वेळी सासूबाईंना बरोबर न्या. इकोच्या पडद्यावर उलटं येणारं रक्त वेगळ्या रंगात दिसतं. डॉक्टरांना ते त्यांना दाखवायला सांगा.