‘ब्लड कॅन्सर’ म्हणजे ल्युकेमियाच का?

कोल्हापुरातील एका वाचकांनी विचारले आहे की, काकांच्या तपासणी अहवालात ‘लिम्फोमा’ असे लिहिलेले असताना घरचे सगळे ‘ब्लड कॅन्सर’ म्हणतात, आणि मराठीत तर ‘रक्ताचा कर्करोग’ हा ल्युकेमियाचा प्रतिशब्द म्हणून दिलेला आढळतो. तेव्हा यातले बरोबर काय?

घरच्यांचे चुकलेले नाही. ‘रक्ताचा कर्करोग’ हे साऱ्या कुळाचे नाव असून त्यात ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा ही तीन मोठी घराणी येतात. कुळाचे नाव एकाच घराण्याला देऊन टाकल्यामुळे हा घोटाळा झाला आहे.

‘ल्युकेमिया’ हा शब्द रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्याने 1847 मध्ये ‘पांढरा’ आणि ‘रक्त’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून रूढ केला. त्यावरून कोणी त्याला पांडुरोग समजू नये. पांडुरोगात हिमोग्लोबिन कमी पडते, तर ल्युकेमियात हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत, जेथे रक्तपेशी बनतात, विकृत पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. त्यातून पुढे अशक्तपणा येतो, ही गोष्ट वेगळी. (डेंग्यूच्या साथींपासून आपल्याकडे नुसते ‘पेशी’ म्हटले तरी प्लेटलेट्सच समजल्या जातात, म्हणून येथे ‘पांढऱ्या पेशी’ असे पूर्णच म्हणावे.) ल्युकेमियाचे मुख्य प्रकार चार: मायलॉइड आणि लिम्फॉइड या दोन पेशीवंशांचे प्रत्येकी ‘तीव्र’ आणि ‘दीर्घकालीन’ असे दोन. यांतील ‘तीव्र’ हा शब्द मला खटकतो, कारण त्याने वेदनेची तीव्रता डोळ्यांपुढे येते, तर येथे अभिप्रेत आहे तो रोगाचा वेग. ‘शीघ्र’ म्हटले असते तर अधिक नेमके झाले असते. लहान मुलांत प्रामुख्याने आढळतो तो तीव्र लिम्फॉइड प्रकार.

लिम्फोमा लसिकासंस्थेतील, म्हणजे शरीरभर पसरलेल्या लसिकाग्रंथी व वाहिन्यांच्या जाळ्यातील, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींतून उद्भवतो आणि बहुधा मान, काख किंवा जांघेतील गाठीच्या रूपाने प्रकट होतो. शेतात पायाला जखम झाली की जांघेत येणाऱ्या दुखऱ्या गाठीला आपल्याकडे ‘अवधान’ म्हणतात. तीही लसिकाग्रंथीचीच सूज, पण जखम भरली की ती सहसा ओसरते. लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही आणि टिकून राहते, म्हणून तिला अवधान समजून अंगावर काढू नये. थॉमस हॉजकिन या इंग्रज वैद्यांनी 1832 मध्ये वर्णन केलेल्या लिम्फोमाच्या प्रकाराला पुढे त्यांचे नाव मिळाले आणि बाकीचे अनेक प्रकार ‘नॉन-हॉजकिन’ या एकाच नकारात्मक नावाखाली जमा झाले. ते एका रोगाचे नाव नसल्याने अहवालात त्यापुढे लिहिलेला उपप्रकारही महत्त्वाचा असतो.

मायलोमा प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा असतो. त्यात हाडे ठिसूळ होऊन दुखतात, म्हणून त्याला ‘हाडांचा कर्करोग’ म्हटले जाते. ते मात्र चूक आहे, कारण रोग हाडाच्या पेशींचा नसून मज्जेतील पेशींचा आहे.

काकांच्या बाबतीत बोलताना ‘ब्लड कॅन्सर’ खुशाल म्हणावे. दुसऱ्या डॉक्टरांना सांगताना किंवा शासकीय योजनेचा अर्ज भरताना मात्र अहवालातील ‘लिम्फोमा’ हे नाव उपप्रकारासह जसेच्या तसे उतरवावे.