आईला मोबाइलवरचं माहजोंग शिकवायचं आहे. चिनी अक्षरं कळत नाहीत, तरी तिला जमेल का?

तुमच्या प्रश्नाखालचा तपशील वाचला. आई ६४ वर्षांच्या, शिक्षण चौथीपर्यंत, टाइलवरची चिनी अक्षरं बघून "हे आपलं काम नव्हे" म्हणतात, आणि सुरुवात कुठून करावी असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीचं सांगतेच. पण 'तिला जमेल का' हे वाक्य मी माझ्या आईच्या बाबतीत इतक्यांदा ऐकलंय, की आधी त्यावरच बोलते.

माझी आई खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली, लग्न होऊन बेळगावात वडगावला आली. शाळा चौथी, मराठी. कन्नडचं एक अक्षर तिला वाचता येत नाही, आणि आमच्याकडच्या बसच्या पाट्या कन्नडमध्ये. तरी माहेरी जाताना ती स्टँडवर कधी कुणाला विचारायची नाही. खानापूरच्या पाटीत पहिल्या दोन्ही अक्षरांना उजवीकडे एकसारखा आकडा वळलेला असतो. आई त्याला 'दोन आकड्यांची गाडी' म्हणायची. लांबून पाटी दिसली की माझा हात धरून चालायला लागायची. चुकीच्या गाडीत बसलेली मला एकदाही आठवत नाही.

२०१९ मध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चाळीसेक दिवस घरात. माझ्या मुलाने टॅबवर हा खेळ, म्हणजे थरावर थर रचलेल्या टाइलमधून सारख्या चित्रांच्या जोड्या उचलत सगळ्या संपवायचा माहजोंग, घालून दिला आणि आज्जीला दोन जोड्या जुळवून दाखवल्या. त्याच संध्याकाळी दादा आला. बघितलं आणि म्हणाला, "हिला चिनी काय कळणार? गोळ्या फोडायचा एखादा खेळ लावून दे." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. त्याने तिच्या हातातून टॅब घेतला, जोडी दाखवून देणारं हिंटचं बटण पाच-सहा वेळा दाबलं, जोड्या पटापट उडवल्या आणि "असं करायचं" म्हणून परत दिला. आईने टॅब उशाशी ठेवला आणि चार दिवस त्याला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी मी जवळ बसले आणि प्रत्येक चिन्हाचा अर्थ सांगायला लागले. हे पूर्व, हे दक्षिण, हा चार. दोन मिनिटं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मला हे वाचायचं न्हाई, बगायचं हाय न्हवं? मग मी बगतो की."

तिथून तिने स्वतःची नावं ठेवली. बांबूच्या काड्यांच्या गटातला एक नंबर म्हणजे पक्षी, तो 'मोर'. बांबूची आठ नंबरची टाइल 'तोरण', कारण काड्या तिरक्या बांधलेल्या दिसतात. मोठं एकच चक्र ती 'भाकरी'. अक्षरांच्या नऊ टाइलवर खाली एकच तांबडं अक्षर असतं, ते 'दहा हजार'चं, सगळीकडे सारखं. त्याला ती 'शिक्का' म्हणाली आणि बघायचं सोडूनच दिलं. वरचं तेवढं बघायचं: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा, मग खिडकी म्हणजे चार, मिशा म्हणजे आठ. तांबडा ड्रॅगन नावाच्या टाइलला 'काठी ओवलेली खिडकी', पांढऱ्या ड्रॅगनला 'चौकट'. पूर्वेच्या वाऱ्याची टाइल 'मोळी'. आठवड्याभरात तिचा डोळा माझ्यापेक्षा जलद फिरायला लागला.

म्हणून माझं स्पष्ट मत: चिन्हांचे अर्थ शिकवू नका. कोपऱ्यात इंग्रजी आकडे छापलेल्या टाइलसुद्धा लावू नका, डोळा आकड्याकडे जातो आणि चित्र कधीच बसत नाही. नावं त्यांची त्यांना ठेवू द्या.

टाइल उचलायची तर तिच्या वर काही नसावं आणि डावी किंवा उजवी बाजू मोकळी असावी, हे तुम्हाला माहीत असेलच. आईला अडचण आली ती फुलं आणि ऋतूंची. बाकी सगळ्या ३४ प्रकारांच्या टाइल चार-चार असतात, त्या १३६. उरलेल्या आठ म्हणजे चार फुलं आणि चार ऋतू, मिळून १४४. फुलांची चित्रं वेगवेगळी, तरी कुठलंही फूल कुठल्याही फुलाशी जुळतं. ऋतूंचंही तसंच, पण फूल ऋतूशी जुळत नाही. "दिसायला सारखं न्हाई, मग जोडी कशी?" या प्रश्नावर ती दोन दिवस अडून होती. मी म्हटलं, चार जावा समज, तोंडवळा वेगळा, घर एक. पटलं.

खेळ खरा सुरू होतो तो 'चार-चार' डोक्यात बसल्यावर. दादा अजूनही दिसली जोडी की उडवतो. एकाच चित्राच्या चारही टाइल मोकळ्या असतील तर चारही उचला, त्यात धोका नाही. पण तीनच मोकळ्या असतील तर थांबायचं. तिघींतल्या कुठल्या दोन काढल्या म्हणजे जास्त टाइल सुटतील ते बघायचं, कारण उरलेली तिसरी चौथीची वाट बघत बसणार, आणि चौथी तिच्याच खाली दबलेली असली तर डाव संपला. नेहमीच्या कासवाच्या आकाराच्या मांडणीत पाच थर असतात. शेंड्यावरची एकटी टाइल खालच्या चौघींना दाबून बसते, आणि डाव्या टोकाची एकटी टाइल मधल्या दोन लांब ओळी अडवते. आई या दोघींवर पहिल्यापासून नजर ठेवते.

"शेवटी सगळा नशिबाचा खेळ" हे दादाचं दुसरं वाक्य. कशाही पिसून मांडलेल्या कासवात, दबलेल्या टाइल दिसत असल्या तरी सुटणार नाहीत, असे डाव शंभरात साधारण तीन. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तर सुटेल असाच डाव लावलेला असतो. बाकीचं आपल्या निवडीवर.

तिसरं वाक्य, "रिकामटेकड्यांचा टाइमपास." त्याला मी ब्रॉडी लॉकार्डचं सांगितलं. काही अ‍ॅपमध्ये 'हजारो वर्षांचा चिनी खेळ' लिहिलेलं असतं, ते चूक आहे. टाइल चीनच्या, चौघांनी मिळून खेळायच्या माहजोंगातल्या, तो खेळ एकोणिसाव्या शतकातला. एकट्याने जोड्या जुळवायचा हा संगणकावरचा खेळ लॉकार्डने १९८१ मध्ये प्लेटो नावाच्या संगणकप्रणालीवर केला. तो स्टॅनफर्डचा विद्यार्थी, जिम्नॅस्ट. १९७९ मध्ये ट्रॅम्पोलिनवर अपघात होऊन मानेखालचं शरीर लुळं पडलं. तोंडात काडी धरून कळा दाबत त्याने हे केलं. पुढे १९८६ मध्ये तोच खेळ 'शांघाय' नावाने बाजारात आला. दादा गप्प बसला. आईने विचारलं, "त्याची आई हुती का जवळ?" मला उत्तर देता आलं नाही.

गेल्या दिवाळीत दादा आमच्याकडे तोच खेळ खेळत बसला होता. अठ्ठावीस टाइल उरल्या आणि अडकला. आई मागून बघत होती. म्हणाली, "चार डाव मागं जा. मोर काढलास ते चुकलं." तो मागे गेला, दुसरे मोर काढले आणि डाव सुटला. मोबाइल तिने त्याच्या हातातून घेतला नाही.

काही गोष्टी राहिल्या. मोतीबिंदूचा त्रास असेल तर आधी डोळे दाखवा. फोनवर १४४ टाइल फार बारीक दिसतात, टॅब बरा, नाहीतर सुरुवातीला कमी टाइलची मांडणी लावा. कुठलं अ‍ॅप ते सांगत नाही, जाहिराती बहुतेकांत येतात. आमच्या आईचं बोट एकदा जाहिरातीवर पडलं आणि भलतंच पान उघडलं, तेव्हापासून ती नेट बंद करून खेळते. उचललेली जोडी मागे घेण्याचं बटण शिकवाच, हिंटचं नको. आणि हो, काहींना हा खेळ मुळात आवडत नाही. माझ्या सासूबाईंनी दोन दिवस खेळून सोडला, त्यांना कोडं नको, गप्पा हव्यात. तुमच्या आई तशा असतील तर आग्रह करू नका.