वाचकांचे प्रश्न : सायकलचा दिवा दीड तासातच का विझतो?

प्रश्न : दुसरी पाळी सुटल्यावर अकरा किलोमीटर अंधाऱ्या रस्त्याने सायकलवरून घरी येतो. दिव्याच्या खोक्यावर ‘६ तास’ छापले आहे. बॅटरी २००० एमएएच, ३.७ व्होल्टची आहे. एकदा चार्ज केलेला दिवा दुसऱ्या रात्री घर येता येता विझतो. दिवा सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. खोक्यावरचा आकडा सहसा सर्वांत मंद उजेडाचा असतो, हे मात्र ठळक अक्षरांत क्वचितच छापतात. आपल्या बॅटरीत सुमारे ७.४ वॉट-तास ऊर्जा मावते (२००० एमएएच म्हणजे २ अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टने गुणले). पूर्ण प्रखरतेला दिवा ५ वॉट घेत असेल, तर हिशेब दीड तासाच्या आतच संपतो. गावातल्या उजेडाच्या रस्त्यावर मंद आणि खड्ड्यांच्या टप्प्यात प्रखर उजेड ठेवल्यास वेळ सहज वाढेल, तरी घरी पोहोचताच रोज चार्जिंगला लावणेच श्रेयस्कर. लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देण्याने तिचे आयुष्य उलट घटते. थंडीत ती एरवीपेक्षा लवकर उतरते, त्यामुळे खिशात एक लहानसा जादा दिवा असावा. चार्जिंगचा जाचच नको असेल, तर पुढच्या चाकाच्या तुंब्यात (मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये) बसणारा ६ व्होल्ट, ३ वॉटचा डायनॅमो घ्यावा. तो महाग पडतो खरा.