बौद्धिक दिव्यांग भाऊ फिटची गोळी थुंकतो, कुटून वरणात दिली तर चालेल का?

ताई, आधी गोळीची पट्टी बघा. नावापुढे 'सीआर', 'एसआर' किंवा 'क्रोनो' असेल तर अजिबात कुटू नका. ती पोटात हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की सगळा डोस एकदम अंगात उतरतो. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन पातळ औषधातही मिळतं, डॉक्टरांना ते लिहून मागा. तोवर आपल्या मनाने गोळी बंद करू नका. अचानक थांबवली तर फिट जोरात येतात.

माझी बहीणही अशीच आहे. गोळी गालात दाबून ठेवायची. गोधडी झटकताना चार अर्धवट विरघळलेल्या गोळ्या पडल्या, तेव्हा कळलं! आता पाणी पाजून 'आ' करायला लावते. केळ्यात लपवूनही पाहिलं होतं. एकदा कडू लागलं आणि तिने केळंच सोडलं, तेही जळगावात. आता गोळी दाखवते, कशासाठी आहे ते सांगते. घेते बिचारी.

भावाला त्रास सांगता येत नसेल तर तुम्हीच वहीत टिपा: जास्त सुस्ती, चालताना तोल जाणं, हिरड्या सुजणं, पोट साफ न होणं. आणि एक डॉक्टर धुळ्याचे, दुसरे गावातले असतील तर दोघांनाही सगळ्या चिठ्ठ्या दाखवा.