गाईड घरी ठेवून ग्रंथालयात जा

पत्र : सर, मी नंदनवनला राहते, घरून डबे पुरवते. मिस्टर इतवारीत दुकानात कामाला आहेत. मुलगी बी.ए. झाली, राज्यशास्त्र होतं. आता राज्यसेवेची तयारी करून राहिली. तीन महिने झाले, रोज सकाळी ग्रंथालयात जाते अन् संध्याकाळी घरी येते. विचारलं तर म्हणते, ‘आई, तिथं काही मिळत नाही. म्हातारे पेपर वाचत बसतात, मी आपली माझी गाईड वाचते.’ तिच्या मैत्रिणी महिन्याला हजार रुपये देऊन एसी अभ्यासिकेत बसतात. एका क्लासवाल्यानं साठ हजार सांगितले. बचत गटातून कर्ज काढून क्लास लावून द्यावा का? की फुकटच्या ग्रंथालयात पोरीचं वर्ष वाया चाललं?
– एक आई, नंदनवन, नागपूर

ताई,

बचत गटाचं कर्ज आत्ता काढू नका. पुढे लागलंच तर तेव्हाचं तेव्हा पाहू.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘मी आपली माझी गाईड वाचते.’ म्हणजे तीन महिने तुमच्या लेकीनं ग्रंथालयाची खुर्ची आणि पंखा तेवढा वापरला. कपाटाला हात लावलाच नाही. तिला रागावू नका. आपल्याकडे शाळेत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असतं आणि कॉलेजात बीटी कार्डावर परीक्षेपुरतं एखादं पुस्तक मिळतं. ग्रंथालय वापरायचं कसं, हे मुलांना शिकवतं कोण? मी स्वतः विशीत असताना मे महिन्यात कूलरसमोरची जागा मिळावी म्हणून सीताबर्डीतल्या एका वाचनालयाचं दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहायचो. दोन महिन्यांनी तिथले ग्रंथपाल म्हणाले, ‘रोज येता, पण पुस्तक एकही मागत नाही.’ काय मागायचं हेच मला ठाऊक नव्हतं.

तिच्या परीक्षेचं आधी बोलतो, कारण उत्तर तिथंच आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे एमपीएससीच्या, राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजीचे पात्रतेपुरते पेपर सोडले तर लेखी परीक्षा १,७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची. त्यात निबंध २५० चा, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५० चे आणि वैकल्पिक विषयाचे दोन मिळून ५००. चार पर्यायांतून एक निवडायच्या पूर्वपरीक्षेला गाईड चालते. मुख्य परीक्षेत पानंच्या पानं स्वतःच्या शब्दांत लिहायची आहेत, आणि बाजारातली तीच गाईड हजारो मुलं पाठ करून बसलेली असतात. तपासणाऱ्यालाही ती वाक्यं एव्हाना पाठ होत असतील.

तिनं वैकल्पिक विषय राज्यशास्त्र घेतला तर विचारवंतांवरची आणि राज्यघटनेवरची जाड पुस्तकं लागतील. ती विकत घ्यायला गेलात तर तुमचे डब्यांचे कितीतरी दिवस त्यात जातील. ग्रंथालयात ती धूळ खात पडलेली असतात. वीस वर्षं जुनी आवृत्ती असली तरी राजकीय विचारवंत काही बदललेला नसतो.

आता एक दिवस कसा घालवावा ते सांगतो. विषय घेऊ ‘विदर्भाचा अनुशेष’, म्हणजे बाकी राज्याच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट. निबंधालाही चालेल आणि मुलाखतीत नागपूरच्या मुलीला हमखास विचारतील असा. त्या दिवशी गाईड घरी ठेवायची. नुसती वही आणि पेन घेऊन जायचं.

सुरुवात संदर्भ विभागात, मराठी विश्वकोशातल्या नागपूर जिल्ह्याच्या नोंदीपासून. विश्वकोश इंटरनेटवरही फुकट आहे, पण खंड हातात घेतला की शेजारच्या चार नोंदी आपोआप वाचून होतात. मग १९५३ चा नागपूर करार : विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून कोणती आश्वासनं दिली, आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन त्यातल्या कोणत्या कलमामुळे भरतं, ते टिपायचं. त्यानंतर दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल. अनुशेष मोजायची पद्धत तिथून आली. पुढे राज्यघटनेतल्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं स्थापन झाली, आणि २०१३ मध्ये केळकर समितीनं राज्यातल्या प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला. हे अहवाल मूळ स्वरूपात नाही मिळाले तरी त्यांच्यावर लिहिलेली मराठी पुस्तकं आणि अर्थशास्त्राच्या नियतकालिकांतले लेख मिळतात.

मग आकडे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतं. सिंचन, शाळा, दवाखाने, रस्ते यांचे तक्ते त्यात असतात. नागपूर आणि गडचिरोलीचं समालोचन शेजारी शेजारी ठेवून दोन तक्ते वहीत उतरवले की निबंधात असा मजकूर येतो जो कुठल्या गाईडमध्ये नसतो. राज्याची आर्थिक पाहणीही दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते. ही दोन्ही संचालनालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, पण मोबाईलच्या पडद्यावर तक्ता वाचताना डोळे जातात, म्हणून छापील प्रत असेल तर तीच बरी. शेवटी मागच्या डिसेंबरमधल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मागायचा. अधिवेशनात अनुशेषावर कोण काय बोललं ते त्यात सापडतं.

संध्याकाळी वहीत पाच-सहा पानं भरलेली असतील, तिच्या स्वतःच्या अक्षरात आणि तिनं स्वतः शोधलेली. असे चाळीस विषय झाले की साठ हजारांच्या क्लासच्या नोट्स तिला फिक्या वाटतील. निदान मला तरी तसं वाटतं, आणि क्लासवाले मित्र माझ्यावर चिडतात ते यासाठीच.

ग्रंथपालांना विचारायचीही एक रीत असते. ‘एमपीएससीचं काही आहे का?’ विचारलं की ते कोपऱ्यातलं फाटक्या गाईडांचं कपाट दाखवतात, जिथं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच्या कोणीतरी पेन्सिलीनं रंगवून ठेवलेलं असतं. त्याऐवजी ‘केळकर समितीवर काही लिहिलेलं आहे का?’ असं नेमकं विचारलं तर ते स्वतः उठतात. मोठ्या ग्रंथालयांत पुस्तकं बहुधा दशांश वर्गीकरणानं लावलेली असतात : ३२० ला राज्यशास्त्र, ३३० ला अर्थशास्त्र, ९५४ ला भारताचा इतिहास. हे तीन आकडे तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. लहान वाचनालयांत मात्र पुस्तकं दाखल क्रमांकानं, म्हणजे जशी आली त्या क्रमानं लावलेली असतात, कादंबरीशेजारी भूगोल. तिथं ग्रंथपालांच्या डोक्यातली यादी हीच खरी यादी. आणि हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहायला तिनं लाजू नये. शासनमान्य ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकं घ्यायची असतात. कोणी मागत नाही म्हणून मग तीच ती कथा-कादंबरी येत राहते.

सभासद व्हायला थोडी अनामत आणि वर्गणी लागते. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते. वर्तमानपत्रं बसून वाचायला तर बहुतेक ठिकाणी सभासदत्वही लागत नाही. नागपुरात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, महापालिकेची वाचनालयं आणि अभ्यासिका आहेत, सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे. एकातच अडकू नये. वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारून जावं, नाहीतर उन्हाचं बंद दारासमोर उभं राहावं लागतं.

त्या पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांचं राहिलं. पहिलं पान आधी कोणाला मिळावं यावरून ते भांडतात, हे खरं. पण त्यांच्यातच कोणी मंत्रालयातून, कोणी तहसिलीतून, कोणी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले असतात. तिनं लिहिलेला निबंध घेऊन त्यांच्यापैकी एकाजवळ जावं आणि ‘काका, एवढं वाचून चूक सांगता का?’ म्हणावं. नाही म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही. उलट आवरता आवरत नाहीत.

ग्रंथालयात नसतंच अशाही गोष्टी आहेत. चालू घडामोडींचं मागच्या वर्षीचं पुस्तक निरुपयोगी, ते रोजच्या पेपरमधून आणि योजना, लोकराज्य यांसारख्या मासिकांतून करावं लागतं. योजना मराठीतही निघतं. कायदे आणि योजनांवरचं पुस्तक उघडलं की आधी छपाईचं वर्ष पाहायचं. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात, त्यासाठी पैसे मोजू नका. आयआयटी खरगपूर चालवतं ते राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मोबाईलवर फुकट उघडतं, आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकंही तशीच. इतिहास-भूगोलाचा पाया कच्चा असेल तर सहावी ते बारावीची तीच पुस्तकं आधी वाचावीत. त्यात कमीपणा काही नाही.

एसी अभ्यासिकेचं म्हणाल तर घरी डब्यांची गडबड, फोडणीचा ठसका आणि बसायला एकच खोली असेल, तर रात्रीच्या अभ्यासासाठी महिना हजार रुपये देण्यात चूक नाही. मात्र ते फक्त खुर्ची-टेबलाचे पैसे आहेत हे दोघींनी लक्षात ठेवावं. दिवसा ग्रंथालय आणि परीक्षेच्या आधीचे तीन-चार महिने रात्री अभ्यासिका, असं जमलं तर उत्तम.

साठ हजारांच्या क्लासआधी आणखी एक दार वाजवून पाहा. तुम्ही इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती किंवा विशेष मागास प्रवर्गात येत असाल तर महाज्योती या सरकारी संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातीसाठी बार्टी आहे आणि मराठा, कुणबी समाजासाठी सारथी. या संस्था निवडलेल्या मुलांना विनाशुल्क प्रशिक्षण देतात. त्यांच्या जाहिराती निघतात आणि मुदत संपते, आपल्याला कळतं दुसऱ्या दिवशी. म्हणून रोज पेपर वाचायला बसली की तिनं जाहिरातींचं पानही पाहावं.

मुदत दोन परीक्षांची धरा. तोवर गट ब आणि गट क च्या परीक्षांचे अर्जही भरत राहावं, अभ्यास बराचसा तोच असतो.

आणि हो, दोन महिन्यांनी तिनं लिहिलेला अनुशेषावरचा निबंध मला पाठवा. लाल पेनानं तपासून परत करतो.