चित्र काढताना बरं लक्ष लागतं!

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, 13 वर्षांची. दंगा अजिबात नाही पण वर्गात खिडकीबाहेर बघत बसते, यंदाची तिसरी पाण्याची बाटली हरवली, गणित रफ वहीत बरोबर आणि फेअर करताना वजाचं अधिक. मॅडम म्हणतात आळशी आहे. हे म्हणतात चित्र काढायला दोन-दोन तास बसते तेव्हा बरं लक्ष लागतं, सगळी नाटकं. भाची म्हणाली एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा त्रास) असेल, पण ते उड्या मारणाऱ्या मुलांना असतं ना? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, उड्या मारणारी पोरं लगेच दिसतात कारण त्यांचा वर्गाला त्रास होतो, तुमच्या लेकीसारखी कुणालाच त्रास देत नाहीत म्हणून राहून जातात, मुली तर जास्तच. एडीएचडीच्या एका प्रकारात चंचलपणा फारसा नसतो, नुसतं लक्ष टिकत नाही. आणि मिस्टरांना सांगा, लक्ष नसतंच असं नाही, ते पाहिजे तिथे वळवता येत नाही, आवडीच्या कामात चिकटून बसतं आणि कंटाळवाण्यात घसरतं. नाटक नाही हो ते.

पण पत्रावरून मी शिक्का मारणार नाही. लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून हवीत आणि घरी-शाळेत दोन्हीकडे. तेव्हा दुसरी-तिसरीची प्रगतिपुस्तकं शोधा, ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ असे शेरे असतील तर ती घेऊनच बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आधी डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या, आणि झोप किती होते तेही. एडीएचडी रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही, त्यामुळे कुणी महागडं पॅकेज गळ्यात मारलं तर सरळ उठून या. लर्निंग डिसॅबिलिटीची (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीची) टेस्टही करा, बऱ्याचदा दोन्ही सोबत असतं, आणि 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही, म्हणून पुढे बोर्डाच्या सवलतीला या टेस्टचा रिपोर्ट लागेल.

औषधाचं डॉक्टर ठरवतील. मिथाइलफेनिडेट दिलं तर भूक मंदावते, मग सकाळचा नाश्ता गोळीच्या आधी पोटभर.

तोवर घरी ‘आवर, डबा घे, बूट घाल’ असं एका दमात नको, जवळ जाऊन एकच सांगा, ते झालं की पुढचं. अभ्यास पंधरा-वीस मिनिटांचा, मग उठू दे. मॅडमना म्हणावं खिडकीपासून लांब, पुढच्या बाकावर बसवा. आणि बाटली दप्तराला दोरीने बांधा, चौथी आणण्यापेक्षा बरं!